फाइली आल्या, अक्षरे मागे राहिली

जुन्या संगणकावरून नव्या संगणकावर सामान हलवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही, असे दुकानदार सांगतो, घरातली तरुण मुले सांगतात आणि नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केल्यावर पडद्यावर येणारा स्वागताचा मजकूरही तेच सांगतो. फोटो, गाणी, पत्रे आणि हिशेब यांच्यापुरते ते खरेही आहे. मात्र ज्याने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मराठी अक्षरजुळणीवर पोट भरले, त्याच्या संगणकातला ऐवज निराळा असतो. अंबाजोगाईत न्यायालयाच्या रस्त्यावर माझे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करून देण्याचे, छोटेसे दुकान होते. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, विद्यापीठात सादर करायचे प्रबंध आणि हौशी मंडळींचे दिवाळी अंक असा सगळा मजकूर त्या दुकानातून गेला. दुकान आवरले तेव्हा टेबल, खुर्च्या आणि प्रिंटर विकले; संगणक तेवढा घरी आणला, कारण त्याच्या हार्ड डिस्कमध्ये जे होते ते विकण्यासारखे नव्हते आणि दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोगही नव्हता.

तो संगणक बंद पडलेला नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. त्याच्यावर विंडोज ७ आहे आणि छपाईच्या पानांची मांडणी करायचा पेजमेकर हा प्रोग्रॅम अजूनही एका टिचकीत उघडतो. आजारी पडला तो बाहेरच्या जगाशी असलेला त्याचा संबंध. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ साठीचे सुरक्षेचे दुरुस्ती-संच १४ जानेवारी २०२० नंतर थांबवले, आणि २०२३ च्या सुरुवातीला क्रोम ब्राउझरनेही त्याची साथ सोडली. क्रोमची १०९ ही त्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती. तेव्हापासून एकेक संकेतस्थळ अडू लागले. बँकेचे पान अर्धे उघडायचे, विजेच्या बिलाचे पान तर उघडायचेच नाही. आपण जागच्या जागी उभे असतानाही रस्ता पुढे सरकत राहतो आणि एक दिवस आपण रस्त्यावर नसून शेजारच्या वावरात उभे आहोत असे लक्षात येते, तसे ते झाले. शेवटी विंडोज ११ असलेला लॅपटॉप घेतला आणि कामाला बसलो.

पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या त्या वेळी घरी आला होता. टेबलावर मांडलेल्या तारा, जुन्या डिस्का आणि माझी वही पाहून तो म्हणाला, “काका, सगळं क्लाउडवर टाकून मोकळं व्हा ना. एवढं कशाला करायलात?” त्याचे म्हणणे त्याच्या परीने बरोबर होते. त्याची सगळी कमाई मुळातच ढगात आहे. गूगलची फुकटची १५ जीबी जागा भरली की तो पैसे भरून आणखी घेतो, आणि नवा फोन किंवा नवा लॅपटॉप हाती आला की परवलीचा शब्द टाकून जुने सगळे समोर मांडून घेतो. त्याच्या पिढीला ‘हलवणे’ हा प्रकार जवळजवळ ठाऊकच नाही. माझे काम मात्र नुसत्या जागेचे नव्हते, आणि ते त्याला समजावून सांगताना मलाही ते पहिल्यांदा नीट समजले.

फाइली हलवण्याचा भाग लवकर आटोपला. साडेतीन इंची जुन्या डिस्कांना यूएसबीच्या तारेतून मिळणारी वीज पुरत नाही, त्यांना १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. तो असलेले जोडणीचे साधन लातूरहून मागवले. माऊसने ओढून फोल्डर टाकण्याची पद्धत आमच्या भागात धोक्याची आहे, कारण मध्येच लाइट गेली की काय आले आणि काय राहिले याचा पत्ता लागत नाही. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी नावाची आज्ञा त्यासाठी चांगली. ती काळ्या खिडकीत टंकावी लागते, दिसायला रूक्ष आहे, पण खंड पडला तर पुन्हा तीच आज्ञा दिल्यावर आलेल्या फाइली सोडून उरलेल्याच आणते, आणि कोणती फाइल वाचता आली नाही त्याची यादीही देते. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. लग्नाचे चित्रीकरण असलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. माझ्याकडे तसे फारसे काही नव्हते.

या टप्प्यावर तारखांनी मात्र बरेच थांबवून ठेवले. विंडोजमध्ये माऊसने फाइलची प्रत काढली, की ‘बदलल्याची’ तारीख जुनीच राहते आणि ‘निर्माण झाल्याची’ तारीख मात्र प्रत काढल्याच्या दिवसाची लागते. त्यामुळे २००४ साली शेवटचा हात लागलेली, पण जन्म या वर्षीचा, अशा चमत्कारिक नोंदी तयार होतात. रोबोकॉपी वेळांच्या नोंदी जशाच्या तशा आणते, हे तिला पसंती देण्याचे दुसरे कारण. तरीही काही फोल्डरांतल्या फाइलींवर ओळीने १ जानेवारी २००२ हीच तारीख दिसली. त्या सगळ्या एकाच दिवशी टंकलेल्या असणे शक्य नव्हते. खुलासा साधा आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ जातीची एक बॅटरी असते, संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालते. ती बॅटरी संपली होती आणि त्या काळात आमच्याकडे भारनियमन दिवसदिवस चाले. प्रत्येक वेळी वीज आली की संगणक त्याच एका नववर्षदिनापासून सुरुवात करायचा. काम असे की गिऱ्हाईक समोर बसलेले, प्रतिज्ञापत्र घाईचे. संगणकाची तारीख कोण पाहतो? त्या फाइलींची खरी तारीख आता मजकुरातूनच काढावी लागते: लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तावरून, अर्जाखालच्या दिनांकावरून, आणि एका स्मरणिकेच्या बाबतीत पाहुण्यांच्या हुद्द्यावरून.

प्रोग्रॅमचे तसे नाही. फाइल उचलून दुसरीकडे ठेवता येते, प्रोग्रॅम तसा उचलता येत नाही, हे पुष्कळांना अजूनही पटत नाही. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ नावाचे फोल्डर समोर दिसते, ते उचलले की झाले असे वाटते. प्रत्यक्षात प्रोग्रॅम बसवताना तो घरभर आपले सामान ठेवतो. मुख्य भाग त्या फोल्डरात, सामाईक वापराचे डीएलएल नावाचे भाग विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात, आपण लावून घेतलेल्या सवयी लपवलेल्या ‘ॲप-डेटा’ फोल्डरात, आणि कोण कुठे आहे याच्या नोंदी रजिस्ट्री नावाच्या वहीत. फोल्डर नव्या संगणकात नेले तरी ती वही जुन्याच घरी राहते. विंडोज ७ मध्ये स्थलांतरासाठी मायक्रोसॉफ्टचेच एक साधन होते, पण तेही फाइली आणि सवयीच नेत असे, प्रोग्रॅम नेत नसे; विंडोज १० पासून तेही काढून टाकले. म्हणून प्रोग्रॅम नव्याने बसवावा लागतो, आणि नव्याने बसवायचा तर त्याची सीडी, त्याची किल्ली आणि त्याला चालणारे विंडोज ही तीनही हवीत. विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या कित्येक सीडींवर प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी तो बसवणारा भाग १६-बिट असे, त्यामुळे प्रोग्रॅम चालला असता तरी दारातच अडतो.

याच्या उलट उदाहरण घरातच आहे. धाकट्या भावाचे मोंढ्यात कृषी सेवा केंद्र आहे आणि त्याचाही संगणक याच सुमारास बदलला. त्याचे सगळे हिशेब टॅलीत. टॅलीत प्रत्येक पेढीच्या हिशेबाचे फोल्डर वेगळे असते, त्याला पाच आकडी क्रमांक असतो, आणि ते फोल्डर आपल्यापुरते पूर्ण असते. जुन्या संगणकावरचा परवाना आधी परत करायचा, नव्यावर टॅली बसवून तोच परवाना चालू करायचा, क्रमांकाचे फोल्डर उचलून ठेवायचे, झाले. बियाणे, खते, उधारी, कोणत्या गावच्या कोणाकडे किती बाकी, सगळे जागच्या जागी. जीएसटी कायद्यात हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायला सांगितले आहे, आणि ज्या गोष्टीमागे कायदा आणि पैसा उभा असतो तिची वाट कोणीतरी आधीच बांधून ठेवलेली असते. मराठी मजकुराच्या मागे असे कोणी उभे नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्या जुन्या डिस्कमध्ये ‘मुक्तिसंग्राम’ नावाचे एक फोल्डर आहे. हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ रोजी शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, तेव्हा मराठवाडा मुक्त झाला. त्या काळी कळत्या वयाचे असलेले लोक आमच्या तालुक्यात नव्वदच्या दशकात बऱ्यापैकी संख्येने होते. गावातल्या काही शिक्षकांनी त्यांच्याकडे जाऊन आठवणी कॅसेटवर घेतल्या, हाताने उतरवल्या, आणि ते कागद अक्षरजुळणीसाठी माझ्याकडे आणले. पुस्तक निघायचे होते. निधीअभावी ते निघाले नाही. हस्तलिखितांचे कागद कोणाकोणाच्या घरी गेले आणि बहुतेक हरवले. रझाकारांच्या भीतीने रात्री ज्वारीच्या कणग्यांमागे लपवलेली माणसे, सरहद्दीपलीकडच्या छावण्यांतून येणारे निरोप, निजामाच्या चलनातले हाली शिक्क्याचे रुपये शिवलेली कमरेची पिशवी, हे सारे त्या फोल्डरात आहे, आणि सांगणाऱ्यांपैकी आज जवळपास कोणी हयात नाही.

फोल्डर नव्या लॅपटॉपवर सुखरूप आले. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, टक्क्याची चिन्हे आणि युरोपीय भाषांतली टिंबवाली अक्षरे यांची रांग. फाइल बिघडलेली नव्हती, तिच्यातला एकही बाइट हललेला नव्हता. मराठी अक्षर मुळात तिच्यात कधी नव्हतेच.

ज्यांनी त्या काळात डीटीपी केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. त्या वेळी संगणकाला अक्षर ओळखायला एकूण २५६ घरे होती, त्यातली वापरण्याजोगी सव्वादोनशेच्या आसपास, आणि ती इंग्रजीसाठी ठरलेली होती. मराठी फाँट बनवणाऱ्यांनी युक्ती अशी केली की घर इंग्रजी अक्षराचेच ठेवायचे आणि त्यात चित्र मराठीचे काढायचे. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच; फाँट लावला की डोळ्यांना मराठी. उदाहरणार्थ, कृतिदेव या फाँटमध्ये ‘भारत’ असे टंकले तर फाइलीत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही अक्षरे साठवली जातात. अर्धा भ, त्याला दंड, मग काना, र आणि त, असा तो पाच तुकड्यांचा हिशेब आहे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांची मांडणीही कधीकधी वेगळी. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी, प्रत्येकाची वही स्वतंत्र. छपाईच्या दृष्टीने हे उत्तम होते, कारण आमचे ध्येय बटरवर, म्हणजे अर्धपारदर्शक बटर पेपरवर, सुबक प्रिंट काढून ऑफसेटवाल्याच्या हाती देणे एवढेच होते. कागदावर उमटले की काम संपले. तीच फाइल पंचवीस वर्षांनी कोणी वाचील, तिच्यात शब्द शोधील, ती फोनवरून पाठवील, हे कोणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते.

सगळ्यांसाठी एकच मांडणी असावी हे कोणाला सुचलेच नव्हते, असेही म्हणता येत नाही. इस्की नावाचे भारतीय प्रमाणक १९९१ मध्ये मंजूर झाले होते. जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिच्यात देवनागरीला १२८ घरांचा स्वतंत्र वाडा मिळाला आणि त्याची रचना १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली. पण पेजमेकरला इस्कीही कळत नव्हते आणि युनिकोडमधली देवनागरीही कळली नाही. विंडोज २००० पासून युनिकोडचा मंगल फाँट आला खरा, तरी पुढच्या विंडोज एक्सपीत देवनागरी नीट जुळण्यासाठी सीडी घालून वेगळा भाग बसवावा लागे, आणि ती सीडी आमच्यासारख्यांकडे सहसा नसे. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. गल्लीतल्या डीटीपीवाल्याने पोटाचे साधन सोडून प्रमाणकाची वाट पाहावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. दोष द्यायचाच तर तो आपल्या भाषेचा व्यवहार सांभाळणाऱ्या सर्वांना द्यावा लागेल: प्रमाणक कागदावर होते आणि बाजार दुसरीकडे चालला होता, हे दिसत असूनही दीड दशक कोणी फारसे हलले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मलाही आनंद झाला. त्याच वेळी, शतकांपूर्वीचे शिलालेख वाचता येतात आणि १९९९ सालच्या फाइली वाचता येत नाहीत, हेही मनात आलेच.

त्या आठवणींच्या कॅसेटी एका शिक्षकांच्या मुलाने पुढे एमपी-३ करून ठेवल्या होत्या. त्या नव्या लॅपटॉपवर, फोनवर, गाडीतल्या टेपवर, कुठेही वाजतात. एमपी-३ ची बांधणी सर्वांना ठाऊक असलेल्या प्रमाणकाची आहे, म्हणून तो आवाज कोणाच्या मालकीच्या वहीत अडकलेला नाही. म्हणजे म्हातारी माणसे बोलली ते टिकले आणि आम्ही नीटनेटके टंकले ते अडकले. सगळ्या कॅसेटी मात्र वाचलेल्या नाहीत, म्हणून टंकलेल्या मजकुराला पर्याय नव्हता. संतकवी दासोपंतांची पासोडी आमच्याच गावची, चारशे वर्षांच्या आसपास जुनी. सुमारे ४० फूट लांब कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले. ती वाचायला जुन्या वळणाची सवय लागते, परवाना लागत नाही.

परवान्याचे प्रकरणही आडवे आलेच. माझ्या मराठी टंकलेखन संचाला एक हार्डवेअर लॉक होते, म्हणजे संगणकाच्या मागे प्रिंटरच्या २५ पिनांच्या तोंडाला लावायचा एक ठोकळा. तो असेल तरच संच चालायचा. नव्या लॅपटॉपला ते तोंडच नाही. बाजारात यूएसबीला प्रिंटर जोडायच्या तारा मिळतात, पण त्या बहुधा प्रिंटरच ओळखतात, असा ठोकळा ओळखत नाहीत. संच बनवणाऱ्या कंपनीला फोन केला, तर नवी आवृत्ती विकत घ्या एवढेच उत्तर मिळाले. सुदैवाने फाँटच्या फाइलींना कुलूप नव्हते. त्या उचलून लॅपटॉपच्या फाँट फोल्डरात टाकल्या, आणि वर्डमध्ये ठेवलेला मजकूर क्षणात मराठी झाला.

दिसला, एवढेच. ‘शोधा’च्या चौकटीत ‘मोमिनाबाद’ टंकले तर काहीच सापडेना. अंबाजोगाईचे निजामाच्या काळातले नाव ते. सांगणारे सगळे लोक तेच नाव घ्यायचे, आणि पानापानावर ते डोळ्यांना दिसत होते. संगणकाला मात्र तिथे इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसत होता. मग ठरवले की सगळा मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा, आणि तो न्यायचा तर पहिले अर्धे काम जुन्याच संगणकावर करायचे. पेजमेकरच्या फाइली उघडायला पेजमेकर हवे. त्याच कामाच्या इनडिझाइन या नव्या प्रोग्रॅमच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्या त्या उघडत, पुढच्या उघडत नाहीत. लिबरऑफिस या मोफत संचाने २०१५ पासून त्या वाचायला सुरुवात केली आहे, पण मर्यादित प्रमाणात. जुने यंत्र चालू असतानाच प्रत्येक फाइल उघडून तिची एक पीडीएफ काढली आणि मजकूर आरटीएफ स्वरूपात बाहेर घेतला. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे सोबत जातात, त्यामुळे मूळ पान कसे होते याचा तो कायमचा पुरावा. आरटीएफ का, तर त्यात कोणत्या शब्दाला कोणता फाँट होता हे टिकते. साध्या टेक्स्टमध्ये ते पुसले जाते, आणि मग मजकुरात मध्येच आलेला इंग्रजी शब्द कोणता आणि इंग्रजीचे सोंग घेतलेला मराठी शब्द कोणता, हे रूपांतर करणाऱ्या साधनाला कळत नाही. ते खऱ्या इंग्रजी शब्दाचेही मराठी कडबोळे करून ठेवते. जुना संगणक भंगारात देण्याची घाई करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की आधी हे काम उरका.

रूपांतर करणारी साधने आता पुष्कळ आहेत आणि ती मोठे काम करतात. तरीही ज्याने प्रूफ तपासले आहे त्याला त्यांची चाल लगेच ओळखू येते. जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी साठवलेली. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर यावी लागते. साधनाने हा क्रम फिरवला नाही तर ‘आणि’चे ‘आिण’ होते. रफाराचे उलटे. तो अक्षराच्या डोक्यावर नंतर काढलेला असतो, युनिकोडमध्ये मात्र तो ‘र्’ अक्षराच्या आधी लागतो. तो नंतरच राहिला की ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ आणि ‘वर्ष’चे ‘वषर्’ होते. सरकारी पीडीएफमधून मजकूर उचलणाऱ्या प्रत्येकाने हा ‘कायर्क्रम’ पाहिलेला आहे. तिसरी अडचण खास आपली. ‘शेतकऱ्यांनी’ या शब्दातल्या आडव्या ‘ऱ्य’साठी हिंदीच्या अंगाने बनवलेल्या साधनात सोयच नसते, ते सरळ रफार देऊन ‘शेतकर्यांनी’ करून टाकते; आणि मराठवाड्यातल्या आठवणींत शेतकऱ्याशिवाय पान सरत नाही. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र घर २००८ साली मिळाले, त्यामुळे ‘ॲक्शन’ला प्रत्येक साधन आपापल्या काळाप्रमाणे निरनिराळे लिहिते. १९४८ च्या त्या फौजी कारवाईला, पोलीस ॲक्शनला, आमच्याकडची माणसे ‘ॲक्शन’ एवढेच म्हणत, तेव्हा तो शब्दही जागोजाग.

यातल्या ठरावीक चुका ‘शोधा आणि बदला’ने गठ्ठ्याने दुरुस्त करता येतात. उरलेल्यांसाठी एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला नवा मजकूर ठेवून ओळीने वाचण्याला पर्याय नाही. मला ते वाचन जड गेले नाही. दुकानात असताना प्रत्येक मजकूर मी अक्षरे म्हणून वाचला होता, घाईत, चुका शोधत. या वेळी चुका शोधतच वाचत होतो, पण गिऱ्हाईक समोर नव्हते, आणि त्यामुळे कोण काय सांगते आहे ते प्रथमच कानावर पडल्यासारखे झाले. एका बाईने सांगितलेला प्रसंग मी स्वतः टंकलेला होता आणि त्यातले काहीही मला आठवत नव्हते. तिच्या सासऱ्याने घरातले तांब्याचे हंडे विहिरीत सोडले आणि मुलांना विहिरीकडे फिरकू नये म्हणून भुताची गोष्ट सांगितली. हंडे निघाले, पण ती मुले मोठी होऊनही त्या विहिरीचे पाणी पिईनात.

वाचताना एक निर्णय वारंवार घ्यावा लागला. नव्या संगणकातला शुद्धलेखन तपासनीस ‘म्हून’, ‘करूलालो’, ‘तव्हा’ अशा प्रत्येक शब्दाखाली तांबडी रेघ मारतो. शिक्षकांनी बोलणे जसेच्या तसे उतरवले होते, तेव्हा ते तसेच राहू द्यायचे असे ठरवले आणि तपासनीस बंद केला. नावांबाबतही तेच. मजकुरात उस्मानाबाद आहे, औरंगाबाद आहे. २०२३ मध्ये ती धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर झाली म्हणून १९४८ च्या आठवणीत हात घालण्याचा मला अधिकार नाही. शोधणाऱ्याच्या सोयीसाठी प्रत्येक फाइलीच्या नावात मात्र आजचे नाव घातले आहे.

बोटांची सवय ही एक गोष्ट कोणत्याही तारेतून येत नाही. मी शिकलो तो कळफलक जुन्या टंकयंत्राच्या मांडणीचा. इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, मांडणी शास्त्रशुद्ध आहे आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे, हे सर्व मान्य. जुन्या मांडणीचा कळफलकही युनिकोडसाठी मिळतो, आणि मी तोच बसवून घेतला. या वयात शास्त्रशुद्ध होण्यापेक्षा काम पुढे गेलेले बरे.

लग्नपत्रिकांची फोल्डरे मी रूपांतरित केली नाहीत, त्यांच्या पीडीएफ पुरेत. प्रबंध ज्यांचे त्यांना पाठवतो आहे. दोघांनी ते आता नको आहेत असे स्पष्ट सांगितले, हेही योग्यच. नव्या लॅपटॉपने डिस्क आपण होऊन कूटबद्ध केली आहे, तिची लांबलचक किल्ली वहीत लिहून ती वही कपाटात ठेवली आहे, कारण मदरबोर्ड बिघडला तर त्या आकड्यांशिवाय डिस्क उघडणार नाही. ‘मुक्तिसंग्राम’ फोल्डरातल्या बहुतेक आठवणी आता युनिकोडमध्ये आहेत आणि ‘मोमिनाबाद’ शोधले की सापडते. एका सांगणाऱ्याच्या नातवाने आजोबांचा मजकूर मागितला, तो त्याला व्हॉट्सॲपवरच पाठवता आला.

काही फाइलींची मांडणी मात्र कोणत्याच साधनाला ओळखता आली नाही. त्या कोणत्या फाँटमध्ये टंकल्या होत्या तो फाँटच डिस्कमध्ये नाही. त्यांच्या बटर प्रिंट एका शिक्षकांच्या घरी निघाल्या, तेव्हा तो मजकूर मी कागदावरून पुन्हा टंकतो आहे, आणि ते काम संपेपर्यंत जुना संगणक जागेवरच राहील. सध्या जे पान चालू आहे त्यात निरोप पोहोचवणाऱ्या माणसाच्या नावातला उकार बटरवर पुसट झाला आहे, ऱ्हस्व की दीर्घ ते लागत नाही. त्याच्या गावी फोन करून घरच्यांना विचारावे लागेल.